आयएसपीकडून ‘बॉटनेट’ची नोटीस, पत्ता ब्लॉक केला तरी परत आली (टॉवेल कारखाना, सोलापूर)

चाटी_गल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क बघतो. फायबर लाइन, स्टॅटिक आयपी, मायक्रोटिकचा राउटर (राउटरओएस ७). ऑफिसात १४ कॉम्प्युटर, दोन डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर), हजेरीचं थंब मशीन, आणि गोडाऊनकडं वाय-फायसाठी एक वेगळा साधा राउटर. सगळं एकाच सबनेटमध्ये (आतल्या पत्त्यांच्या एकाच गटात).

आयएसपीचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा) मेल आलाय, की तुमच्याकडचं एखादं उपकरण बॉटनेटमध्ये (चोरट्यांनी दुरून ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्यात) आहे. त्यात आमचा आयपी, सोर्स पोर्ट ४९८१२, समोरचा एक पत्ता, डेस्टिनेशन पोर्ट २३, वेळ २०:४३:१० यूटीसी आणि प्रकार ‘मिराई’ असं आहे. थांबवा, नाहीतर लाइन बंद करू म्हणतात. मी तो पत्ता फायरवॉलमध्ये इनपुट चेनला ड्रॉप केला आणि सगळे कॉम्प्युटर अँटिव्हायरसने तपासले. काही सापडलं नाही. पुढच्या नोटिशीत समोरचा पत्ता वेगळा. रात्री पावणेनऊला सुरू असलेले कॉम्प्युटर दोनच होते, तेही स्वच्छ निघाले.

मशीन कोणतं ते कसं शोधायचं? कमांड-अँड-कंट्रोल (सी-टू, म्हणजे बॉटना हुकूम देणाऱ्या) सर्व्हरची यादी मिळते म्हणतात, ती घालून काम होईल का? आणि मालकांना मोबाइलवर कॅमेरे दिसायलाच पाहिजेत, ते बंद करता येणार नाही.

---

विनबॉक्सवाला

आधी घड्याळ. नोटिशीतली वेळ यूटीसी आहे, त्यात साडेपाच तास मिळवा. म्हणजे पावणेनऊ नाही, रात्रीचे दोन वाजून तेरा मिनिटं. त्या वेळी ऑफिसातलं काय चालू असतं? डीव्हीआर, थंब मशीन, वाय-फायचा राउटर. कॉम्प्युटर तपासण्यात वेळ गेला तो यामुळेच.

दुसरं, नियम चुकीच्या चेनमध्ये आहे. इनपुट चेन म्हणजे खुद्द राउटरकडे येणारी रहदारी. बॉट आतून बाहेर जातो, राउटरमधून पार होतो, म्हणून तो फॉरवर्ड चेनमध्ये दिसतो. तुमचा ड्रॉप नियम आजपर्यंत एकदाही लागला नसणार. त्याच्यासमोरचा पाकिटांचा काउंटर बघा, शून्य असेल.

मशीन शोधायला ब्लॉक करायची गरजच नाही, नुसता लॉग पुरे. फॉरवर्ड चेनमध्ये सगळ्यात वर एक नियम टाका: प्रोटोकॉल टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट २३ आणि २३२३ (टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायची जुनी सोय), कनेक्शन स्टेट न्यू, आउट इंटरफेस वॅन, अ‍ॅक्शन लॉग, प्रिफिक्स ‘टेलनेट’. फॉरवर्डमध्ये मास्करेड (आतला पत्ता झाकून बाहेरचा लावणं) अजून लागलेलं नसतं, त्यामुळे ओळीत आतला खरा आयपी येतो. तो डीएचसीपी लीज (राउटरने वाटलेल्या पत्त्यांची यादी) किंवा एआरपी यादीत शोधला की मॅक पत्ता मिळतो, आणि मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी.

मिराई (कॅमेरे, राउटर असल्या उपकरणांत शिरणारा बॉट) असेल तर वाट बघावी लागत नाही. २०१६ मध्ये त्याचा सोर्स कोड उघड झाला. त्यात स्कॅनरचा वेग सेकंदाला १६० पाकिटं ठेवलेला आहे आणि साधारण दहातलं एक २३२३ ला जातं. म्हणजे राउटरची मेमरीतली लॉग यादी (मुळात १००० ओळींची) काही सेकंदांत वाहून जाईल. लॉग नियमाला लिमिट लावा, मिनिटाला २० ओळी खूप झाल्या, आणि लॉग सिसलॉगने एखाद्या कॉम्प्युटरवर पाठवा, यूडीपी ५१४. राउटरवर एनटीपी (घड्याळ जुळवणारा) क्लायंट चालू आणि टाइमझोन कोलकाता आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर पुढच्या नोटिशीशी वेळ जुळवताना परत हाच गोंधळ.

गोडाऊनचा वाय-फाय राउटर नॅट करत असेल तर त्याच्यामागची सगळी उपकरणं तुम्हाला एकच आयपी म्हणून दिसतील. तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर आणा: त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा.

---

होटगी_रोड

वरच्याला एक जोड. नोटिशीतला तो पत्ता गुन्हेगारांचाच असेल असं धरू नका. बऱ्याचदा तो सिंकहोल असतो. म्हणजे सी-टूचं डोमेन सुरक्षा संस्थांनी ताब्यात घेऊन आपल्या सर्व्हरकडे वळवलेलं असतं. तिथे कोण येऊन ठोठावतंय ते नोंदवतात आणि आयएसपीला किंवा सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवतात. सिंकहोलचा पत्ता ब्लॉक केला तर नोटीस थांबते आणि बॉट तसाच चालू राहतो. ड्रॉप करायचंच असेल तर त्या नियमावर लॉग ठेवून करा.

आणि फास्टट्रॅक. मायक्रोटिकच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये फॉरवर्ड चेनला फास्टट्रॅक चालू असतो. एकदा कनेक्शन फास्टट्रॅक झालं की त्याची पाकिटं फिल्टर नियमांना बगल देऊन जातात. त्यामुळे तुम्ही ड्रॉप नियम लावता आणि आधीच जोडलेला बॉट आरामात बोलत राहतो. ड्रॉप नियम ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ आणि फास्टट्रॅक दोन्हींच्या वर ठेवा. मग आयपी → फायरवॉल → कनेक्शन्समध्ये जाऊन त्या उपकरणाची चालू कनेक्शन्स हाताने पुसा, किंवा सरळ राउटर रीबूट करा.

तीच कनेक्शन्सची यादी पुसण्याआधी नीट वाचा, सी-टू तिथेच दिसतो. स्कॅनची कनेक्शन्स अर्धवट असतात, ‘सिन सेंट’वर अडकलेली. सी-टूचं एकच असतं, तासन् तास एस्टॅब्लिश्ड, आणि बाइट मात्र नगण्य. मूळ मिराई दर ६० सेकंदांनी दोन बाइटचा ‘जिवंत आहे’ निरोप पाठवतो, बाकी गप्प. इतका वेळ उघडं राहून इतकं कमी बोलणारं कनेक्शन डीव्हीआरवरून बाहेर जात असेल तर तो पत्ता आणि पोर्ट लिहून ठेवा.

---

चाटी_गल्ली

बरोबर निघालं. लॉगमध्ये १९२.१६८.१.६४ वरून धो धो ओळी, २३ ला बहुतेक आणि मधूनमधून २३२३. मॅक डीव्हीआरचा आहे. पण त्या डीव्हीआरवर टेलनेट लावून बघितलं तर कनेक्शनच नाकारतो. मग आत शिरलं कुठून? कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट) केलेलं आहे, वेब पेजचं ८० आणि अ‍ॅपचं एक. फर्मवेअर बसवल्यापासून बदललेलं नाही.

---

विनबॉक्सवाला

टेलनेट नाकारतोय ते मिराईनेच केलेलं असू शकतं. आत शिरल्यावर तो टेलनेटची प्रोसेस मारून पोर्ट स्वतः धरून बसतो, म्हणजे दुसरा बॉट येऊ नये. म्हणून बंद टेलनेट हा स्वच्छतेचा पुरावा धरू नका. आणि तुमच्या बाबतीत दार बहुधा ते ८० नंबरचं वेब पेजच असणार. नंतरच्या उपप्रकारांना पासवर्डही लागत नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या उपकरणांत लॉगिनशिवाय कमांड चालवता येणारी त्रुटी निघाली (सीव्हीई-२०२१-३६२६०), ती मूबॉट नावाच्या मिराईवंशी बॉटनेटने भरपूर वापरली. तुमचा डीव्हीआर कोणत्याही कंपनीचा असो, जुनं फर्मवेअर आणि उघडं वेब पेज एवढं पुरतं.

साफ करायचा क्रम महत्त्वाचा आहे:

१. राउटरवरचे दोन्ही पोर्ट फॉरवर्ड काढा. यूपीएनपी (उपकरणांना स्वतःच पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. मायक्रोटिकवर ते मुळात बंद असतं, पण आयएसपीचा ओएनटी (फायबरचा डबा) राउटर मोडमध्ये असेल तर तिथेही बघा.
२. डीव्हीआरची नेटवर्क केबल काढा. मग पॉवर बंद करून चालू करा. मिराई मूळ स्वरूपात फक्त रॅममध्ये राहतो, रीबूटने जातो. काही उपप्रकार फ्लॅशमध्येही घर करतात, म्हणून पुढची पायरी टाळू नका.
३. केबल बाहेरच ठेवून पेन ड्राइव्हने फर्मवेअर चढवा. नंतर फॅक्टरी रीसेट, नवा पासवर्ड, टेलनेट-एसएसएच बंद.
४. मग केबल लावा.

तिसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल झाली, किंवा फॉरवर्ड काढायचं राहिलं, तर डीव्हीआर काही मिनिटांत पुन्हा बाधित होतो. इंटरनेटवर असले स्कॅनर अखंड फिरत असतात. ‘रीबूट केलं, दोन दिवस बरं होतं, मग परत आलं’ अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक हेच असतं. फर्मवेअर मिळतच नसेल तर त्या डीव्हीआरला इंटरनेट देऊ नका, विषय संपला.

मालकांच्या मोबाइलसाठी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट). राउटरओएस ७ मध्ये आहेच. इंटरफेस बनवा (पोर्ट १३२३१ यूडीपी आपोआप येतो), तेवढंच पोर्ट इनपुट चेनला उघडा, मोबाइलसाठी एक पीअर, आणि पीअरच्या अलाउड अ‍ॅड्रेसमध्ये मोबाइलचा वायरगार्डमधला आयपी, शेवटी /३२. मोबाइलच्या बाजूला अलाउड आयपीमध्ये कॅमेऱ्यांचं सबनेट घाला, सगळं इंटरनेट नको. नाहीतर मालकांचे यूट्यूबही कारखान्याच्या लाइनवरून फिरतील. स्टॅटिक आयपी आहे म्हणून हे सरळ जमतं. सीजीनॅटवाल्या (एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या) लाइनवर जमत नाही.

डीव्हीआर आणि थंब मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरीवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) न्या, समजा १९२.१६८.२०.० /२४. त्या व्हीलॅनमधून वॅनकडे जाणारं सगळं ड्रॉप, लॉगसकट. डीव्हीआरला वेळ हवी असते, ती राउटरचाच एनटीपी सर्व्हर चालू करून द्या. थंब मशीन कंपनीच्या क्लाउडला हजेरी पाठवत असेल तर तेवढा एक पत्ता आणि पोर्ट ड्रॉपच्या वर परवानगीत घाला. कॅमेऱ्याने बाहेर काय बोलावं याची यादी एक-दोन ओळींची असते, काय बोलू नये याची कधीच पुरी होत नाही. म्हणून माझं मत, उपकरणांसाठी यादीबिदीच्या भानगडीत पडूच नये. आणि हो, हेच नियम आयपीव्ही६ फायरवॉलमध्येही टाका. लाइनवर व्ही६ चालू असेल तर व्ही४ चे नियम त्याला अडवत नाहीत.

---

लॉगवाचक

उपकरणांपुरतं मान्य. पण १४ कॉम्प्युटरना ‘सगळं ड्रॉप’ लावता येत नाही, तिथे डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) हाच खरा नाका. एखाद्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पायवर पाय-होल (डीएनएसच्या चौकश्या नोंदवणारं आणि अडवणारं सॉफ्टवेअर) बसवा, वर अपस्ट्रीम म्हणून क्वाड-नाइन (९.९.९.९) द्या. तो घातक डोमेनचा पत्ताच देत नाही.

पण नुसतं डीएचसीपीमधून पाय-होलचा पत्ता दिला की झालं असं नाही. मूळ मिराई डीएचसीपीला विचारतच नाही, ८.८.८.८ हा पत्ता त्याच्या कोडमध्येच कोरलेला आहे. म्हणून पोर्ट ५३ चं यूडीपी आणि टीसीपी दोन्ही राउटरवर डीएसटी-नॅटने पाय-होलकडे वळवायचं. इथे दोन खड्डे आहेत. एक, पाय-होलचा स्वतःचा आयपी या नियमातून वगळा, नाहीतर त्याची चौकशी फिरून त्याच्याकडेच येते आणि सगळ्यांचं नेट बंद. दोन, पाय-होल कॉम्प्युटरांच्याच सबनेटमध्ये असेल तर वळवलेलं उत्तर राउटरला टाळून थेट परत जातं. विचारलं ८.८.८.८ ला आणि उत्तर आलं दुसऱ्याकडून, म्हणून कॉम्प्युटर ते फेकून देतो. हेअरपिन मास्करेड लावलं तर चालतं, पण मग पाय-होलच्या लॉगमध्ये प्रत्येक चौकशी राउटरच्या नावावर पडते, आणि आपल्याला तर नेमकं मशीनच हवंय. त्यापेक्षा पाय-होल वेगळ्या सबनेटमध्ये ठेवा.

लॉगमध्ये काय बघायचं: एनएक्सडोमेन, म्हणजे ‘असं नावच नाही’ ही उत्तरं, मशीननिहाय. कित्येक बॉट तारखेवरून रोज नवी डोमेन नावं तयार करतात आणि त्यातलं एखादंच खरं नोंदवलेलं असतं. कॉन्फिकर नावाचा विंडोजवरचा बॉट २००८ मध्ये दिवसाला २५० नावं बनवायचा. अडवणूक सुरू झाल्यावर २००९ च्या आवृत्तीत ५०,००० बनवून त्यातली ५०० वापरून बघायला लागला. अशा मशीनवर काही मिनिटांत डझनावारी एनएक्सडोमेन पडतात. नावं एकाच मापाची, उच्चारता न येणारी, शेवटी दोन-चार ठरावीक टीएलडी (डॉट कॉमसारखे शेवट).

फसवणारेही आहेत. जुना क्रोम सुरू होताना तीन निरर्थक नावं विचारायचा, पण त्यांत टिंब नसायचं. काही अँटिव्हायरस फाइलचा हॅश डोमेनच्या आत घालून विचारतात. लांबलचक दिसतं, पण शेवट नेहमी त्या कंपनीच्या डोमेनवर असतो. ‘डब्ल्यूपॅड’ची चौकशी तर प्रत्येक विंडोज करतं, ती सोडून द्या.

ब्राउझरच्या डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसमुळे (डीओएच, वेबच्याच रहदारीत लपलेलं डीएनएस) हा नाका चुकतो. डीएनएस-ओव्हर-टीएलएसचं पोर्ट ८५३ ड्रॉप करा, आणि फायरफॉक्ससाठी मोझिलाने ठेवलेलं कॅनरी डोमेन (ते अडवलं की फायरफॉक्स आपणहून डीओएच लावत नाही) पाय-होल स्वतःच अडवतो. बॉटने स्वतःचं डीओएच आणलं असेल तर मात्र डीएनएसचा लॉग आंधळा, तिथे कनेक्शन्सची यादीच कामाची.

---

सिद्धेश्वर_पेठ

यादीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. अ‍ॅब्यूज-सीएच ही स्विस मंडळी फिओडो ट्रॅकर, थ्रेटफॉक्स आणि यूआरएलहॉस चालवतात. फिओडोची यादी इमोटेट, क्वॅकबॉट अशा विंडोज बॉटनेटच्या सी-टूंची आहे, तुमच्या डीव्हीआरवाल्या मिराईचा तिथे संबंध नाही. पोलिसी कारवायांनंतर (इमोटेट जानेवारी २०२१, क्वॅकबॉट ऑगस्ट २०२३) ती कधी कधी अगदी छोटी असते, त्याला बिघाड समजू नका. थ्रेटफॉक्समध्ये मिराईचे पत्तेही येतात, पण ते भराभर बदलतात, म्हणून प्रत्येक नोंदीला एक-दोन दिवसांचा टाइमआउट लावूनच अ‍ॅड्रेस लिस्टमध्ये घाला. पत्त्याबरोबर पोर्टही दिलेलं असतं. भाड्याच्या क्लाउडवरचा पत्ता असेल तर पोर्टसकट अडवा. सीडीएनचा (अनेक साइट एकाच पत्त्यावरून देणाऱ्या सेवेचा) पत्ता सरसकट अडवला तर बँकेची साइट नाहीतर जीएसटी पोर्टल उघडेना म्हणून फोन येतील.

मंचांवर तयार स्क्रिप्ट फिरतात: कुणाच्या तरी सर्व्हरवरून दर तासाला आरएससी फाइल (राउटरच्या कमांडची) उतरवायची आणि इम्पोर्ट करायची. ते करू नका. इम्पोर्ट म्हणजे ती फाइल जे सांगेल ते राउटर पूर्ण अधिकाराने करणार. यादी साध्या मजकुरात आपल्या पीसीवर उतरवा, फक्त आयपीसारख्या दिसणाऱ्या ओळी गाळून घ्या, आणि आपली फाइल आपण बनवा. डाउनलोड फसलं तर जुनी यादी तशीच राहील असं बघा. आधी पुसून मग उतरवणारी स्क्रिप्ट नेमक्या वाईट रात्री यादी रिकामी ठेवते.

सगळ्याच बॉटना मध्यवर्ती सर्व्हर असतो असंही नाही. २०१९ पासून फिरणारा मोझी बिटटोरंटच्या डीएचटीवर चालायचा. त्याला ब्लॉक करायला एक पत्ताच नव्हता. विनबॉक्सवाल्यांचा ‘वॅनकडे सगळं ड्रॉप’ त्यालाही लागू पडतो, यादी पडत नाही.

राउटर स्वतः स्वच्छ आहे ना? २०१८ ची विनबॉक्स (मायक्रोटिक चालवायचं सॉफ्टवेअर) त्रुटी ६.४२.१ मध्ये बुजवली, पण त्याआधी चोरलेल्या पासवर्डवर राउटर नंतरही वापरले गेले, २०२१ च्या मेरिस बॉटनेटमध्येही. सात आवृत्तीवर आणलं म्हणून जुनी घाण जात नाही. सिस्टिम → शेड्यूलर आणि स्क्रिप्ट्समध्ये अनोळखी नोंद, आयपी → सॉक्स चालू, पीपीपीमध्ये न ओळखीचा एल-टू-टीपी क्लायंट, यांपैकी एकही दिसलं तर नेटइन्स्टॉल करून (राउटर पुसून सिस्टिम नव्याने बसवून) कॉन्फिगरेशन हाताने नव्याने लिहा. बॅकअप चढवलात तर घाणही परत येईल.

---

चाटी_गल्ली

डीव्हीआर साफ, व्हीलॅन केलं, मालकांच्या मोबाइलवर वायरगार्ड चालू. राउटर स्वच्छ आहे, सॉक्स वगैरे बंद. पण पाय-होल लावल्यावर अकाउंट्सचा एक कॉम्प्युटर (१.३१) एनएक्सडोमेनच्या यादीत सगळ्यात वर आलाय. नावं लॉगवाचक म्हणाले तशीच, सगळी १४ अक्षरी. अँटिव्हायरस हिरवाच दाखवतो. एक्स्पोर्टचे मेल याच मशीनवर असतात.

---

लॉगवाचक

मग केबल आत्ता काढा. मशीन बंद करू नका, काय चाललंय ते मेमरीत आहे. सिसमॉन (विंडोजवरच्या हालचाली नोंदवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) आधीपासून नसणार. पेन ड्राइव्हने आणून बसवा. केबल नसतानाही मशीन नावं विचारायचा प्रयत्न करतं आणि इव्हेंट २२ मध्ये डीएनएस चौकशी प्रोसेसच्या नावासकट येते. कनेक्शनसाठी इव्हेंट ३. प्रोसेसचं नाव एसव्हीसीहोस्ट (विंडोजची स्वतःची प्रोसेस) आलं तर ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी देणारं टूल) लावून सर्व्हिसेस आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये सही नसलेल्या नोंदी बघा. अ‍ॅपडेटा फोल्डरातून चालणारी एखादी बहुधा सापडेल. क्रॅक केलेलं कुठलं सॉफ्टवेअर चालावं म्हणून अँटिव्हायरसमध्ये कुणी एक्सक्लूजन टाकलंय का तेही बघा. हिरवा रंग त्यामुळेही दिसतो.

सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट बॉट-रिमूव्हल टूल मिळतात, त्यांनी ओळख पटली तर उत्तम. पण अकाउंट्सचं मशीन आहे, मी फॉरमॅटच करेन. डेटा म्हणजे फक्त अकाउंटिंगचं डेटा फोल्डर आणि कागदपत्रं. एक्झी, सेटअप, मॅक्रोवाल्या एक्सेल काही नको.

त्याआधी दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून मेलचे आणि नेटबँकिंगचे पासवर्ड बदला, मेलची सगळी चालू सेशन्स लॉगआउट करा. मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. ‘इनव्हॉइस’ शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून लपव, असा नियम ठेवलेला असेल तर पासवर्ड बदलूनही मेल जातच राहतात. नंतर त्या परदेशी गिऱ्हाइकाला बदललेल्या बँक खात्याचं खोटं बिल जातं. गिऱ्हाइकांना फोन करून सांगा, मेलने नाही.

---

होटगी_रोड

कागदपत्रांचं राहिलं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कंपन्यांनाही ते लागू आहे, नुसतं आयएसपींना नाही. मालकांना आजच सांगा. पैसे गेलेत असं दिसलं तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन).

आयएसपीला उत्तर देताना सोर्स पोर्ट ४९८१२, भारतीय वेळ, आतलं उपकरण आणि काय केलं एवढं चार ओळींत लिहा. सिसलॉगची ती फाइल आत्ताच वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, फॉरमॅटच्या घाईत ती ज्या पीसीवर आहे तोच पुसू नका.

---

चाटी_गल्ली

सिसलॉग नेमका १.३१ वरच चालू होता. कॉपी करून घेतो. पेन ड्राइव्हने काढली तर चालेल ना, की त्यातून दुसरीकडं पसरेल?

---

लॉगवाचक

लॉग साधा मजकूर असतो, त्यातून काही पसरत नाही, पण पेन ड्राइव्हमधून पसरू शकतं. कोरी पेन ड्राइव्ह घ्या आणि लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवर बूट केलेल्या मशीनवर उघडा. तिथे फक्त लॉगची फाइल उचला आणि पेन ड्राइव्ह तिथेच फॉरमॅट करा. मेमरीचं काम उरकल्यावर १.३१ बंद करून त्यालाच लाइव्ह डिस्कवर चालू केलं तर पेन ड्राइव्हची ही कसरतही लागत नाही, डेटा फोल्डरही त्याच फेरीत निघेल. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.